तिकिटावरचा डावा हात

टपाल खात्यातली माझी शेवटची वर्षं जिल्ह्याच्या गावी, संग्राहकांच्या खिडकीवर गेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. पाकिटावर लोक अजून नगरच लिहितात आणि पत्र पोचतं. या खिडकीवर मनिऑर्डर नाही, बचत खातं नाही, पार्सल नाही. इथे तिकिटं विकली जातात, आणि ती घेणारे बहुतेक जण ती पत्राला चिकटवत नाहीत. खात्यात येण्याआधी काही काळ एका स्थानिक दैनिकात बातम्या नीट करायचं काम केलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं घडलं तसं, शक्यतो विशेषणांशिवाय लिहितो आहे.

आधी धंद्याची माहिती. ती दिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पदकविजेत्या खेळाडूचा फोटो तिकिटावर दिसला की लोक म्हणतात, सरकारने तिकीट काढलं. प्रत्यक्षात प्रकार दोन आहेत. पहिलं विशेष टपाल तिकीट. त्याचा विषय दिल्लीत ठरतो, ते देशभर विकलं जातं. जिवंत माणसावर ते सहसा निघत नाही. खेळाडूंच्या बाबतीत अपवाद झालेले आहेत. दुसरं, आम्ही खिडकीवर ज्याला हौसेचं तिकीट म्हणायचो ते. कोणीही अर्ज करावा, ओळखपत्र जोडावं, शुल्क भरावं आणि स्वतःचा किंवा ज्याचा सत्कार करायचा त्याचा फोटो छापून घ्यावा. पान छापून आमच्याकडे येतं. पानावर जोड्या असतात. जोडीच्या डाव्या भागावर खात्याचं चित्र आणि किंमत, उजव्या भागावर ग्राहकाचा फोटो, आणि दोन्हींच्या मध्ये छिद्रांची रेघ.

ही रेघ महत्त्वाची. रेघेवरून फाडलं तर डावा भाग तिकीट म्हणून चालतो. उजवा भाग नुसता कागद उरतो. हे मी हजारदा समजावलं असेल. ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, "पन सरकारनं काढलंय ना?"

फोटो तपासणं माझ्याकडे होतं. निकष ठरलेले. चेहरा स्पष्ट हवा. जाहिरात नको, पक्षाचं चिन्ह नको, अश्लील काही नको. फोटो खरा आहे का, असा रकाना अर्जात नव्हता.

या खिडकीवर नाना तऱ्हेचे लोक आले. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाचा एक शेतकरी जीपने आणि मग एसटीने बैलाचा फोटो घेऊन आला. बैलाचं ओळखपत्र कुठून आणू, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी शेतकऱ्याचंच जोडलं. संगमनेरचे एक निवृत्त प्राध्यापक प्रत्येक पान भिंगाखाली धरून छिद्रं तपासायचे आणि कडेचा एक दात तुटका निघाला की खूश व्हायचे, कारण चुकलेलं तिकीट संग्रहात जास्त मानाचं. एका बाईंनी नवऱ्याच्या साठीला त्याच्या फोटोचं पान काढलं. घेताना त्यांनी विचारलं, "शिक्का नक्की ह्यांच्या तोंडावर बसतो का?"

मी म्हटलं, "बसू शकतो."

"मग अजून एक पान द्या."

दिव्यांग खेळाडूंची पदकं येऊ लागली तशी त्यांच्या पानांची मागणी वाढली. पदक आलं की तालुक्यातून अर्ज यायचा, सत्काराची तारीख आधीच ठरलेली असायची, आणि पाहुण्यांची वेळ मिळालेली असल्याने ती हलत नसायची. आमची खिडकी पायऱ्या चढून वर होती. पोलिओ झालेला एक गोळाफेकपटू स्वतःचं पान न्यायला आला तेव्हा तो खाली तीनचाकी सायकलवर बसून राहिला आणि मी पान घेऊन खाली गेलो. सही करताना तो म्हणाला, "माझं तिकीट वर चढलं, मीच ऱ्हायलो." नंतर तिथे उतार बांधला. त्यावर बहुतेक वेळा मोटारसायकली उभ्या असायच्या. त्याबद्दल वर कळवलं होतं. मग कळवणं सोडलं.

अशा पुष्कळ सत्कारांची पानं हातून गेली. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. तरन्नुम पिंजारी आठवते.

ती श्रीरामपूरजवळच्या एका गावची. वय पंचविशीच्या आसपास. वडील गाद्या भरतात, आई हमीदाबी घरची जनावरं बघते. तरन्नुम नऊ वर्षांची असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात कोपराखाली गेला. पुढे ती उजव्या हाताने भाला फेकू लागली. परदेशातल्या एका स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं. गावाने सत्कार समिती केली. समितीचे प्रमुख संपतराव हे गावचे उपसरपंच. तिकिटाचा अर्ज त्यांनी केला आणि फोटोही त्यांच्याकडून आला. फोटोत एक मुलगी गळ्यात पदक घालून उभी होती आणि तिने ते हातात धरलं होतं. चेहरा स्पष्ट, चिन्ह नाही, जाहिरात नाही. फोटो पुढे गेला, छापून आला.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी तरन्नुम आणि हमीदाबी पानं न्यायला आल्या. संपतराव मांडवाच्या कामात होते, त्यांनी पावती आणि अधिकारपत्र देऊन मायलेकींनाच पाठवलं होतं. दोघी घरात दख्खनी बोलत असणार. माझ्यासमोर त्या मराठीत बोलत होत्या.

तरन्नुमने पानांचं पाकीट डाव्या हाताच्या उरलेल्या भागाखाली दाबलं, उजव्या हाताने उघडलं आणि पान काचेवर ठेवलं. थोडा वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "अम्मी, ह्यो कुनाचा हात हाय?"

मी पान माझ्याकडे फिरवलं, मग तिच्याकडे पाहिलं. फोटोतल्या मुलीने पदक डाव्या हाताने धरलं होतं. उजवा हात बाजूला सरळ होता. डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

"संपतकाकांनी केलं व्हय हे?" तरन्नुमने विचारलं.

हमीदाबी काचेखालच्या जुन्या तिकिटांकडे बघत होत्या. "त्यांनी न्हाई. त्यांचा मानूस फोटो मागायला आल्ता. मीच दिला."

"कोन्ता? ओढणीतला?"

"तोच. तुझा दुसरा हायच कोन्ता घरात?"

घरातल्या प्रत्येक फोटोत तिचा डावा खांदा ओढणीखाली असायचा, हे मला नंतर तरन्नुमने सांगितलं. शाळेचा फोटो असो, मावशीच्या लग्नातला असो, फोटोवाला "तयार" म्हणायच्या आत आई ओढणी पुढे ओढायची. सवयच झाली होती. पदक मिळाल्यावर गावात काढलेला फोटोही तसाच होता.

"मंग ओढणी कुटं गेली?"

"मी स्टुडिओत गेल्ते त्याच्यासंगं. पोरगं म्हनलं, चाची, ओढणीनं फोटो मळकट दिसतुया, काढून टाकतो. म्हनलं, काढ. मंग म्हनलं, हितं खाली काय दाखवू?"

"तू काय म्हनलीस?"

"म्हनले, हात दाखव."

"आनि त्यानं दाखवला."

"मोबाईलमध्ये त्येचं काय हाय ते. दाबलं आनि आला हात."

तरन्नुम हसली. हसण्यात आनंद नव्हता, पण राग म्हणावं असंही काही नव्हतं. "हात दिला तर दिला, वर बांगड्या बी भरल्या. मी कवा बांगड्या घातल्या गं?"

"घातल्या असत्यास," हमीदाबी म्हणाल्या.

मी सांगितलं की पान बदलून मिळेल, पण नवा फोटो पाठवून छापून यायला दिवस लागतील. उद्याच्या कार्यक्रमाला हेच पान आहे.

"काका, हे बाहेर जाऊन चालनार न्हाई," तरन्नुम म्हणाली. मग तिने कारण सांगितलं. तिची खेळाडू म्हणून सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, दिव्यांग प्रवर्गातून. नेमणूक पडताळणीत अडकली होती. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून सगळ्यांचीच फेरतपासणी चालू होती. त्यात तिच्याच स्पर्धागटातल्या कोणाच्या तरी माणसाने निनावी तक्रार केली होती की ही बाई बोगस आहे.

मी म्हटलं, "पण हात नाही हे डॉक्टरला दिसतंच की."

"डॉक्टरला दिसंल हो. डॉक्टरपुढं जायच्या आधी फाईल अडवायला एक फोटो लई झाला. आनि हा तर सरकारी. उद्या मंत्री मांडवात ह्याचीच मोठी चौकट उघडनार, गावातली पोरं मोबाईलवर टाकनार. 'बघा, दोन्ही हातांची दिव्यांग.' मी कुनाकुनाला बाही वर करून दाखवत फिरू?"

तिने संपतरावांना फोन लावला आणि काचेवर ठेवून आवाज मोठा केला. मागे मांडवाचे खांब ठोकल्याचा आवाज येत होता. तिने प्रकार सांगितला.

"आगं ताई," संपतराव म्हणाले, "लोक तुझं तोंड बघत्यात. हात कोन मोजतंय?"

"मोजनारा बसलाय ना काका. त्यानंच तक्रार केलीय."

"फ्लेक्स लागलेत गं गावात. भारत सरकारचं टपाल तिकीट म्हनून. मंत्रीसाहेबाच्या हातानं काय रिकामी चौकट उघडू?"

"माझा मैदानावरचा फोटो हाय माझ्या भाल्याच्या सरांकडं, भाला फेकताना. तो मोठा करून लावा चौकटीत. न्हाईतर मलाच उभी करा कापडामागं."

"आता तू बी..." मग थोड्या वेळाने, "पोस्टाचे साहेब हायेत का तिथं? त्यांना इचार, काय जुगाड होतंय का."

मी फोनजवळ वाकून सांगितलं की होत नाही. संपतराव म्हणाले, "बरं. पाठव सरांचा फोटो." फोन बंद झाला.

त्या कार्यक्रमाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. चौकटीत भालाफेकीचा फोटो लावला गेला. फ्लेक्स उतरवले गेले नाहीत. पाहुणे टपाल तिकिटाबद्दल बोलले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिकिटाचं प्रकाशन झाल्याची बातमी आली. मी तिथे गेलो नव्हतो. नवं पान पुढे छापून आलं. त्यात तिचा डावा हात जिथे संपतो तिथे संपलेला आहे. तरन्नुमची पडताळणी झाली, बरीच उशिरा, आणि तिला नोकरी मिळाली. हे सगळं कागदावर नोंदता येण्यासारखं आहे. त्या दुपारी खिडकीपाशी जे घडलं ते नोंदवण्यासारखी जागा आमच्याकडे नव्हती.

फोन ठेवल्यावर तरन्नुमने विचारलं, "काका, ह्या पानांचं आता काय करता?"

नियम सांगितला. परत घेतली तर ती बाद माल म्हणून सीलबंद करून वर पाठवायची, तिथे समिती बसून नष्ट करते, वेळ लागतो. तोवर ती आमच्या कपाटात, मग टपालाच्या थैलीत, मग दुसऱ्या कपाटात.

"म्हंजे धा जन बघनार."

"बघू शकतात."

"आनि मी ताब्यात घेतली तर?"

"मग ती तुमची. काहीही करा."

"फोटो फाडला तर तिकीट चालंल?"

"चालेल. फोटोला किंमत नसते."

तिने सही केली. सगळी पानं समोर घेतली. पहिलं पान काचेवर ठेवून तिने छिद्रांच्या रेघेवर नख दाबलं आणि फोटो ओढला. पान सरकलं, चीर रेघ सोडून तिकिटात घुसली. छिद्रांवरून कागद नीट फाडायला एक हात धरायला लागतो आणि एक ओढायला. तिने कोपराने पान दाबून बघितलं. काच गुळगुळीत होती. पान पुन्हा सरकलं.

मी खुर्चीवरून उठलो. हमीदाबींनी मला हाताने थांबवलं, पण लेकीकडे गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सगळी फाडायची?"

"सगळी."

"एक बी न्हाई ठेवायची?"

तरन्नुमने मान वर केली. "तुला लाज वाटती ना माझी? म्हनूनच ओढणी ओढायचीस. आता हात बी लावून घेतलास."

मी कपाट उघडून त्यात काहीतरी शोधू लागलो. खिडकीवर बसणाऱ्याला अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. दार उघडं होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

"लाज न्हाई," हमीदाबी म्हणाल्या. "लोक बघायचे म्हनून झाकत हुते. बघितलं की इचारायचे, कसा गेला, कुनाचं ध्यान नव्हतं. दर येळी सांगायचं मला, मशिनीवर मी हुते, पेंडी आनायला वळले. दर येळी."

तरन्नुमने रेघेवरचं नख काढलं.

"नऊ वर्साचा हात मला म्हाईत हाय. नखं मीच काढायची. मोठा झाल्यावर कसा झाला असता, ते बघायचं हुतं. एकदा."

"मंग मला सांगायचं. त्या पोराकडनं काढून घरात लावला असता. तिकिटावर कशाला?"

"तिकिटावर असलं की खरं वाटतं."

शेजारच्या खिडकीवर कोणीतरी पिनकोड विचारत होतं. मी कपाट बंद केलं.

हमीदाबी पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला, पान काचेवर सरळ केलं आणि दोन्ही तळवे त्याच्या कडेवर दाबून ठेवले. "वढ आता," त्या म्हणाल्या.

तरन्नुमने नख रेघेवर ठेवलं आणि ओढलं. या वेळी फोटो छिद्रांवरून सरळ निघाला. मग दुसरा. हमीदाबी पान थोडं थोडं पुढे सरकवत होत्या, तरन्नुम फाडत होती. फाडलेले फोटो त्यांनी एका बाजूला पालथे ठेवले. दुसऱ्या बाजूला बिनफोटोची तिकिटं जमत गेली. दोघी अधूनमधून कामापुरतं बोलत होत्या: "सरळ धर." "धरलंय." "हळू, हिकडं दात हायेत." मी कपाटापाशी तसाच उभा होतो. खिडकीवर दुसरं गिऱ्हाईक आलं असतं तर त्याला थांबायला सांगितलं असतं. कोणी आलं नाही.

शेवटच्या पानावर शेवटची जोडी उरली तेव्हा तरन्नुम थांबली.

"ही ऱ्हाऊ दे तुला," ती म्हणाली. "पेटीत ठेव. कुनाला दाखवू नको."

हमीदाबींनी पान डोळ्यांजवळ नेलं. हात लांब करून पुन्हा बघितलं. फोटोतल्या बांगड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग पान परत काचेवर ठेवलं आणि कड दाबून धरली.

"फाड," त्या म्हणाल्या. "पेटीत ऱ्हायली तर मी कुनाला ना कुनाला दाखवनारच."